दाहाचे दूत आणि पेशीची दारे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, ते जीवशास्त्र शिकविताना फळ्यापेक्षा किनाऱ्याचा उपयोग अधिक करीत, असे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मला कळले. म्हणून विषय निवडण्याची मुभा मिळाली तेव्हा, परिभाषेच्या बोजाने जो सामान्य वाचकापासून दूर राहिला आहे, पण ज्याची प्रचिती इथे रापणीचे जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाच्या हातापायांना आलेली आहे, असा एखादा विषय घ्यावा असे मी ठरविले. तो विषय म्हणजे दाह. आणि दाहाचेही एकच अंग, ते असे की शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी दाहाचा निरोप नेणारी प्रथिने आपल्या अंतरंगात कशी घडवितात, कोणत्या वाटेने ती कडेपर्यंत आणतात आणि कोणत्या दाराने बाहेर सोडतात.

रापण किनाऱ्याला लागली, की बांगड्या-तारल्यांच्या गर्दीत एखादा शिंगाळाही येतो, आणि मासळी वेचण्याच्या घाईत त्याच्या पाठीवरच्या पराचा करवती काटा कोणाच्या तरी अंगठ्यात शिरतो. जाणता तांडेल अशा वेळी सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगतो आणि ते योग्यच आहे; कारण काट्याबरोबर आत जाणारे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पण ती पहिली आग तेवढी विषाची. पुढे काट्याभोवती लाली पसरते, संध्याकाळपर्यंत अंगठा इतका टरारून फुगतो की मूठ वळत नाही, नाडीच्या ठोक्यागणिक ठणका लागतो, रात्री अंगात कणकण भरते आणि सकाळी काखेत दुखरी गाठ हाताला लागते, त्यातला बहुतेक भाग शिंगाळ्याच्या पदरात घालता येत नाही. ती त्या माणसाच्या स्वतःच्याच पेशींची करणी असते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. आपल्याकडे सुश्रुताने सूत्रस्थानात व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या, आणि कच्च्या सुजेवर शस्त्र चालविणारा व पिकलेल्या सुजेची उपेक्षा करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सारखाच दोष दिला. मला या दोघांत सुश्रुत अधिक मोलाचा वाटतो. सेल्ससने लक्षणे मोजली, सुश्रुताने काळ ओळखला. आणि दाहाचा बरेवाईटपणा त्याच्या काळवेळेवर व जागेवर ठरतो, हेच मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

दाहाच्या आत डोकावून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तोही एका समुद्रकाठीच. 1882 साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दिसले, की अंगातल्या फिरत्या पेशी चालून येऊन काट्याभोवती दाटल्या आहेत. ज्या जीवाला ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतूंचे आपल्यासारखे जाळे, त्यालाही आगंतुकाची खबर लागते आणि त्याच्या पेशी तिकडे धावतात, या निरीक्षणातून भक्षक पेशींचा सिद्धान्त उभा राहिला आणि 1908 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. या मेचनिकॉफचा ओडेसा येथील एक शिष्य पुढे आपल्या मुलखात आला, तो म्हणजे वाल्देमार हाफकिन. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगचे मारलेले जंतू वापरून लस केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी तिचा पहिला, तोही भरघोस, डोस स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. त्याला ताप आला आणि टोचलेली जागा दुखू लागली. जंतू तर मेलेले होते. ते ना वाढू शकत होते, ना रोग करू शकत होते. तो ताप हाफकिनच्या स्वतःच्या पेशींनी धाडलेल्या निरोपाचा होता. गुरूने तारामाशात पाहिलेला दाह शिष्याने मुंबईत आपल्या अंगावर घेतला. त्याची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि 1925 पासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हा निरोप नेणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांची संख्या मोठी आहे. पण तिघांची ओळख झाली तरी आजच्या प्रसंगाला पुरे. टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 आणि इंटरल्यूकिन-1 बीटा ही ती तीन नावे. पहिले रक्तवाहिनीच्या अस्तराला सैल करते, म्हणजे तिच्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. दुसरे यकृताला जागे करते, आणि आजकाल प्रत्येक आजाऱ्याच्या कागदावर दिसणारी सीआरपीची तपासणी त्याच जागृतीचे माप होय. तिसरे मेंदूतील तापमानाचे नियंत्रण बदलून ताप चढविते, अर्थात या कामात बाकीचे दोघेही त्याला हातभार लावतात. यांचा लवलेशही पुरतो. म्हणूनच ती केव्हा आणि कोठे सुटावीत यावर पेशीचा बंदोबस्त कडक असावा लागतो. मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन आधीच भरून ठेवतात आणि क्षणार्धात ओततात. गांधीलमाशी चावली की गांध उठते ती यामुळे. मॅक्रोफेज, म्हणजे ऊतींत ठाण मांडून बसलेली भक्षक पेशी, असा साठा बाळगत नाही. तिला जंतूचा सुगावा लागला की मगच ती हुकूम काढते, प्रथिन घडविते आणि रवाना करते. आणि हे सारे तास-दोन तासांत चालू होते.

या रवानगीचा रिवाज समजून घेण्यासाठी मालवणच्या बंदरात गलबते लागत होती तो काळ आठवावा. बाहेर जाणाऱ्या मालाची गाठोडी बांधावयाची, कारकुनाने त्यांची नोंद करावयाची, जकात भरून परवाना घ्यावयाचा, आणि मग पडावातून तो माल गलबतावर चढवावयाचा. परवान्याविना नारळाची एक पेंडही धक्क्यावरून हलत नसे. पेशीतही जवळजवळ हेच आहे. जे प्रथिन बाहेर धाडावयाचे त्याच्या साखळीतच अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा परवाना म्हणून असतो. तो पाहून पेशी त्या प्रथिनाला आंतरद्रव्य जालिकेत घेते, तेथून गॉल्जी नावाच्या थरांच्या वखारीत नेते, आणि तिथे त्याची छाटणी-घडणी झाली की पटलाच्या सूक्ष्म पुटिकांत भरून ते बाहेर रवाना करते. या मार्गाचा शोध लावल्याबद्दल जॉर्ज पॅलाडी याला 1974 साली, परवान्याच्या शोधाबद्दल गुंटर ब्लोबेल याला 1999 साली, आणि पुटिका नेमक्या ठिकाणी कशा लागतात या शोधाबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ या तिघांना 2013 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका धक्क्याचा कारभार उलगडण्यास विद्वानांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या, यातच त्याची गुंतागुंत आली.

टीएनएफ हे अशा परवान्याचे प्रथिन आहे. आता त्याचा प्रवास जरा जवळून पाहू. कारण माझ्या मते या सबंध शास्त्रात इतकी सुरेख काटकसर दुसरीकडे क्वचितच दिसेल. ब्रिस्बेनच्या जेनिफर स्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की टीएनएफ गॉल्जीतून निघाल्यावर सरळ बाहेरच्या पटलाकडे जात नाही. वाटेत ते पुनर्वापराच्या एंडोसोम नावाच्या थांब्यावर उतरते. या थांब्यावर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले गेलेले पटल जमा होत असते आणि गरजेप्रमाणे परत वर धाडले जाते. आता समजा, मॅक्रोफेजच्या अंगाला एखादा जंतू चिकटला. त्याला गिळण्यासाठी पेशी आपले पटल दोन्ही बाजूंनी वर उचलते, पेल्यासारखे पोकळ करते आणि त्याच्याभोवती हळूहळू मिटवू लागते. परंतु एवढे मोठे तोंड उघडावयाचे तर ज्यादा पटल हवे, आणि ते पुरवितो तो हाच थांबा. तेथून जे पटल तोंडाकडे निघते त्याच्यातच टीएनएफ रोवलेले असते. घास घेण्यासाठी लागणारा माल आणि धोक्याची खबर ही दोन्ही एकाच खेपेत, एकाच जागी, जिथे जंतू चिकटला आहे नेमक्या त्या तोंडाच्या काठावर येऊन पोहोचतात. पेला मिटण्यापूर्वी पृष्ठभागावरचे एक कातरणारे एन्झाइम टीएनएफचा बाहेर डोकावणारा भाग छाटून मोकळा करते, आणि तो शेजारच्या रक्तवाहिनीकडे जातो. म्हणजे पेशी ज्या बाजूने गिळते त्याच बाजूने ओरडतेही. हा योगायोग असणे मला संभवनीय वाटत नाही.

इंटरल्यूकिन-6 याच थांब्यावरून जाते, मात्र ते पटलात रोवलेले नसून पोकळीत विरघळलेले असते, आणि पेशीच्या एका ठराविक तोंडाशी ते बांधलेले राहत नाही. एकाच वखारीतून निघालेल्या दोन मालांना दोन वेगळी दारे मिळतात; लिम्फोसाइट जातीच्या टी पेशींतही 2006 साली असाच भेद सापडला, की काही निरोप त्या समोरच्या पेशीच्या कानात सांगावे तसे फक्त संपर्काच्या जागीच सोडतात आणि टीएनएफसारखे काही मात्र चोहोकडे पसरवितात. इंटरल्यूकिन-6 चे नाव आपल्या जिल्ह्यात घरोघर पोहोचले ते दुर्दैवाने करोनाच्या साथीत, जेव्हा त्याचा निरोप पेशीवर टिपणारा ग्राही बंद करणारे टोसिलिझुमॅबचे इंजेक्शन मिळविण्यासाठी नातेवाइकांची वणवण चालली होती. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले आणि त्याच महिन्यात रुग्णालयांत सायटोकाइनच्या वादळाची चर्चा चालू होती. वस्तुतः ‘वादळ’ हा शब्द या बाबतीत मला फारसा पसंत नाही. त्यातून असे भासते की बाहेरून काही येऊन आदळले. प्रत्यक्षात ती आपल्याच पेशींची, वेळ आणि माप सुटलेली, रीतसर रवानगी असते.

इंटरल्यूकिन-1 बीटाची गोष्ट मात्र रीतसर नाही. त्याच्या साखळीत परवान्याचा तुकडाच नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे बुचकळ्यात टाकीत होती. 1990 साली इटलीतल्या जिनोआ येथील अ‍ॅना रुबार्तेली यांनी ते गॉल्जीच्या मार्गाने जातच नाही, असे दाखवून दिले. मग ते बाहेर पडते कसे? ते पेशीद्रवातच एका जड, निष्क्रिय रूपात पडून असते. पेशीला आत धोक्याची जाणीव झाली, जंतूचे अंश सापडले किंवा युरिक आम्लाचे स्फटिक टोचले, की काही प्रथिने एकत्र येऊन एक चक्राकार यंत्र उभारतात. लोझानच्या युर्ग चॉप यांनी 2002 साली त्याला इन्फ्लमासोम असे नाव दिले. ते कॅस्पेस-1 नावाच्या कातरीला जागे करते आणि ती कातरी दोन कामे करते: इंटरल्यूकिनचा जादा भाग कापून त्याला सक्रिय करते, आणि गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे दोन तुकडे करते. या दुसऱ्या कामाचे महत्त्व 2015 साली कळले, आणि ते बीजिंग येथील फंग शाओ आणि कॅलिफोर्नियातील विश्व दीक्षित यांच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे उघडकीस आले. सुटा झालेला गॅसडर्मिनचा तुकडा पटलाला आतून चिकटतो, आपल्यासारख्या अनेकांशी जुळून कडे करतो आणि पटलाला आरपार भोक पाडतो. भोक साधारण वीस नॅनोमीटरचे, इंटरल्यूकिन चारपाच नॅनोमीटरचे. जकातीचा नाका टाळून कोटाची भिंतच फोडावी आणि माल बाहेर काढावा, तसा हा प्रकार. भोके थोडी असली तर पेशी ती बुजवून जगते. फार झाली तर ती फुटून मरते आणि तिच्यातला सारा ऐवज बाहेर सांडतो. हे फुटणेही आपोआप घडत नाही, त्यासाठी आणखी एक प्रथिन लागते, हे 2021 साली कळले. दोन रिवाज एकाच पेशीत का असावेत याचे उत्तर मला असे वाटते, की पहिल्या मार्गाला गॉल्जीचे सारे दफ्तर शाबूत लागते आणि वेळही लागतो. जंतू पेशीच्या आतच शिरला आणि दफ्तरच धोक्यात आले, तर निरोप धाडण्याचा दुसरा उपाय हाताशी असावा लागतो.

या दोन मार्गांची ओळख आपल्या जिल्ह्याला किती उपयोगाची आहे हे लेप्टोस्पायरोसिसवरून कळते. उंदराच्या मूत्रातून पाण्यात आलेला हा सर्पिल जंतू भाताच्या खाचरात पायांच्या भेगांतून आत जातो. पावसाळ्यातल्या तापाला लोक सहज ‘लेप्टो’ म्हणतात, इतका तो इथल्या जीवनाचा भाग झाला आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील कॅथरीन वर्ट्स यांनी 2001 साली दाखविले, की या जंतूच्या आवरणातला मेदशर्करेचा जो पदार्थ आहे, तो मनुष्याच्या पेशीवरील टीएलआर-4 या ग्राहीला ओळखू येत नाही. आणि असे आवरण असलेल्या इतर बहुतेक जंतूंची चाहूल मनुष्याला याच ग्राहीमार्फत लागते. उंदराच्या पेशीला मात्र तो ओळखू येतो. उंदीर जंतू बाळगूनही धडधाकट फिरतो आणि शेतकरी अंथरुणाला खिळतो, याचे एक कारण इथे असावे. एकमेव कारण आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्याच संस्थेतल्या पुढच्या कामातून असेही दिसले, की हा जंतू पेशीत शिरल्यावर इंटरल्यूकिन-1 बीटा तयार होते, पण भिंत फोडून पेशी फुटण्याचा प्रकार फारसा होत नाही. म्हणजे आगंतुक पहिल्या नाक्यावरून न ओळखला जाता आत येतो आणि भिंतीलाही धक्का लागू देत नाही. मग पुढे, जेव्हा तो रक्तात वाढलेला असतो, तेव्हा उशिरा सुटलेल्या निरोपांचे प्रमाण सुटते. कावीळ, मूत्रपिंडांचे काम थांबणे, फुफ्फुसांत रक्तस्राव ही भयंकर रूपे जंतू आणि हा बेबंद दाह या दोघांच्या संयुक्त कर्तृत्वाची आहेत. काही रुग्णांत प्रतिजैविकाचा पहिला डोस दिल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप आणखी चढतो. मेलेल्या जंतूंच्या अंशांनी पेशी एकदम चेतवल्यामुळे ते घडते आणि साधारण दिवसभरात ओसरते. याच प्रकारचा विकार पुनरावर्ती ज्वरात दिसतो, आणि इथिओपियातील 1996 च्या एका अभ्यासात टीएनएफविरुद्धचे प्रतिपिंड आधी देऊन तो सौम्य करता आला. तेव्हा दोष औषधाचा नसून निरोपाचा आहे, हे तिथे पुराव्याने सिद्ध झाले.

आता रस्त्यांविषयी थोडे. पुटिका पेशीतून हवेत तरंगत जात नाहीत. सूक्ष्मनलिका नावाच्या ताठ तंतूंवरून त्या वाहून नेल्या जातात. आपल्या कुंपणांवर पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले घेऊन चढणारी कळलावी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते, आणि कोल्चिसिन नेमके या सूक्ष्मनलिकांची उभारणी थांबविते. त्यामुळे पांढऱ्या पेशींचे धावणे आणि इन्फ्लमासोमची जुळणी या दोहोंत अडथळा येतो, आणि म्हणूनच संधिवाताच्या गाऊट या प्रकारात ते शतकानुशतके वापरले गेले. मात्र उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडे आहे, आणि कळलावीचा कंद पोटात गेल्याने माणसे दगावलेली आहेत. तिचे फूल पाहावे, कंदाला हात लावू नये.

एखाद्या निरोपालाच सरसकट बंदी घालण्याचा मार्ग वैद्यकाने धरला आणि त्याने पुष्कळ कल्याणही केले. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी यांनी 1992 साली आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडविणारे प्रतिपिंड दिले, आणि वर्षानुवर्षे आखडलेली बोटे उघडू लागली. अशी औषधे 1998 पासून बाजारात आली. परंतु 2001 साली दिसून आले की, ती घेणाऱ्यांत निद्रिस्त क्षयाचे जंतू जागे होण्याचा धोका वाढतो, कारण त्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या पेशींच्या वेढ्याला टीएनएफचाच आधार असतो. क्षयाचा प्रसार आपल्या देशात केवढा आहे हे सांगावयास नको. म्हणून अशी औषधे देण्यापूर्वी इथे क्षयाची तपासणी केली जाते. माझे मत असे, की निरोपच बंद करण्यापेक्षा त्याच्या दारावर नियंत्रण मिळविणे अधिक शहाणपणाचे आहे. दारूचे व्यसन सोडविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळीने गॅसडर्मिनचे भोक अडते आणि उंदीर जंतूंच्या विषापासून वाचतात, असे 2020 साली प्रसिद्ध झाले. त्या संशोधनाने अनेकांचे लक्ष वेधून घेतले आहे. पण उंदराचे यश माणसाला लागू पडेलच असे नाही, हे लेप्टोच्या बाबतीत आपण आत्ताच पाहिले.

इतके ऐकल्यावर माझी एक व्यावहारिक विनंती मान्य करावी. लावणीच्या दिवसांत खाचरात उतरणाऱ्यांनी आरोग्य सेवक सांगतील त्याप्रमाणे डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यावी आणि पायांवरच्या भेगा उघड्या ठेवू नयेत. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगाला काढा-लेप करीत चार दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण चिखलात काम केले होते, ही गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावी. उपचार चालू झाल्यावर पहिल्या रात्री ताप वाढला, तर घाबरून औषध सोडू नये. पुन्हा केंद्रात जाऊन दाखवावे.